बदललेलं कुलूप

माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच खटक्याचं किल्ल्यांचं दुकान. कुलूप लावलं की तीनदा खटखट ओढून बघायचा, म्हणून खटक्या. नाव मीच ठेवलं. त्या ओढून बघण्यामागचं कारण फार उशिरा कळलं. सात वर्षांचा असताना तो शाळेतून आला, तर दाराला कुलूप. आई निघून गेली होती, ती कायमचीच.

लग्नानंतर वहिनी भाजी आणायला गेल्या तरी याचा जीव टांगणीला. दुकान टाकून घरी चक्कर मारून यायचा. वहिनी भांडल्या नाहीत. जाताना वेळ सांगायच्या आणि त्या वेळेला परत यायच्या. अशी बारा वर्षं. हळूहळू गडी निवळला. कुलूप एकदाच ओढू लागला, मग तेही विसरला. नाव तेवढं चिकटलं ते चिकटलंच.

मग वहिनींच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. आठ दिवसांत येते म्हणाल्या, त्याचे वीस झाले. शेवटी फोनही लागेना. खटक्याला घास जाईना. मी आपला थट्टेच्या सवयीने बोलून गेलो, "आता कसल्या येतात त्या! सुटल्या एकदाच्या."

तो हसला नाही. अवजारांची पिशवी घेऊन घरी गेला आणि दाराचं कुलूप बदलून आला.

"आई गेली तेव्हा मी बाहेर उभा होतो," म्हणाला. "आता नाही राहणार."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वहिनी बॅगेसकट दुकानात. काउंटरवर किल्ली ठेवली.

"ही लागत नाही. ताई गेली. धावपळीत फोन हरवला."

खटक्या यंत्राशी बसला, नवी किल्ली कापली, कानशीने घासली, पुढे केली. वहिनींनी ती घेतली नाही.

"बारा वर्षं सांगितल्या वेळेला आले. एकदा चुकलं, एकदाच. पुन्हा पहिल्यापासून नाही जमायचं मला."

जाताना 'येते' म्हणाल्या नाहीत.

त्याला दोन वर्षं झाली. खटक्याने जुनं कुलूप परत बसवलंय, पण लावत नाही. काल मी म्हटलं, "अरे, चोर शिरतील."

"तिची किल्ली माझ्याकडेच राहिली ना," तो म्हणाला. "आली तर आत कशी जाईल?"

त्या येणार नाहीत. हेच मी त्याला एकदा हसत हसत सांगितलं होतं. आता खरं झालंय, तर तोंडातून निघत नाही.