पाचव्या पानावरचा कण

साखरपुड्यात मुलीच्या बापाने तोंड फक्त पेढ्यासाठी उघडावं. मी भाषण केलं. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक सासरची आणि एक माहेरची. त्यातली माहेरची वाटी माझ्या हातच्या डायवर निघेल, आणि तिच्यावरची नक्षी आजवर कुणी पाहिलेली नसेल, असं मी भर हॉलमध्ये जाहीर केलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून माझा हात बंद पडला.

आमच्या चिंचणीत हा घरगुती धंदा. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी खोदायची, ती झाली डाय. त्यात सोन्याचा पत्रा दाबला की खोदलेलं सगळं पत्र्यावर उठून येतं. पस्तीस वर्षं मी हेच केलं. व्यापाऱ्याने वेल मागितली की वेल दिली, मोर मागितला की मोर. माझ्या मनात काय आहे हे कुणी विचारलं नाही, आणि ते किती बरं होतं हे आता कळत होतं. एकुलत्या मुलीसाठी मनातलं काढायला बसलो, तर मनात काही नव्हतंच.

माझा मेहुणा तारापूरला अणुऊर्जा प्रकल्पात नोकरीला आहे, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कलाकाराचा हात अडला तर त्याने पहाटे समुद्राकडे तोंड करून दीर्घ श्वास घ्यावा, असं त्यात एक गोरेगोमटे गृहस्थ सांगत होते. मी गेलो. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते आणि मी मनापासून दीर्घ श्वास घेतला. पुन्हा गेलो नाही. मग मेहुण्याने फोनमधल्या कुठल्याशा हुशार ॲपला विचारून दोन मिनिटांत ढीगभर नक्ष्या काढून दिल्या. एका मोराला तीन पाय होते. मी ते दाखवल्यावर तो म्हणाला, नवीन हवं होतं ना तुम्हाला.

बायकोने जेवायला वाढताना एकदाच विषय काढला. "तुमी आपलं जुनंच कायतरी काडा. गल्यात घातल्यावर बगतंय कोण?" पस्तीस वर्षांच्या कलासाधनेचा इतका थोडक्यात गौरव दुसऱ्या कुणाला जमला नसता. मी आमटी मागितली.

लग्न तीन आठवड्यांवर आलं. सोनार डायसाठी फोनवर फोन करू लागला. मी त्याला सांगत होतो की काम शेवटच्या टप्प्यात आहे. ठोकळा कोरा होता. मुलीला दिलेला शब्द खोटा पडणार, आणि तोही जे एकच काम मला येतं त्याच्यात, या विचाराने माझं जेवण सुटलं होतं. मुलगी काही विचारत नव्हती, त्याचा जास्त त्रास होत होता.

अशात एका दुपारी विहीणबाई आल्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी इकडे बोईसरजवळ सरावलीत राहायला आल्या त्याला तीस वर्षं झाली, पण बोलणं अजून तिकडचंच. दोन्ही वाट्या एका मापाच्या व्हाव्यात म्हणून सासरची वाटी दाखवायला आणली होती. डबी उघडून त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली.

"पोरगं चौथीत हुतं तवाच गावच्या सोनाराकडनं घेऊन ठिवली, पाव्हणं. येणाऱ्या सुनंसाठी," त्या म्हणाल्या. नक्षी जुळवायची काही गरज नाही, तुमची तर नवीनच असणार, असंही त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, हेच वाईट.

त्या चहा पीत होत्या तेव्हा मी सवयीने वाटी भिंगाखाली धरली. सात पानांची वेल. पाचव्या पानाच्या टोकाला रव्याच्या कणाएवढा एक उंचवटा. तो उंचवटा माझा होता.

तेव्हा मुलगी पाच वर्षांची असेल. माझ्याशेजारी पाटावर बसून पाटीवर काहीतरी काढत होती आणि ते दाखवायला तिने माझं कोपर ढकललं. छिन्नी घसरली. पोलादात गेलेला घाव बुजत नाही, नवा ठोकळा घेऊन पहिल्यापासून खोदावं लागतं. व्यापारी सकाळी येणार होता. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि दुसऱ्या दिवशी तीच डाय गुपचूप व्यापाऱ्याला दिली. त्याला काही कळलं नाही. तिने पाटीवर काय काढलं होतं ते मी बघितलंच नाही. त्यानंतर ती माझ्या कामाशेजारी कधी बसली नाही.

त्या डायवरच्या वाट्या कुठे कुठे गेल्या असतील देव जाणे. एक साताऱ्याकडे जाऊन, डबीत वीस वर्षं राहून, माझ्या मुलीचीच वाट बघत बसली होती. मला फार लाज वाटली.

वाटी मापासाठी माझ्याकडे ठेवून विहीणबाई गेल्या आणि मी ठोकळा पुढे ओढला. कुणी न पाहिलेली नक्षी गेली खड्ड्यात, तीच वेल काढायची ठरवली. चार दिवसांत सातही पानं झाली, हात कुठे अडला नाही. राहिला तो कण. तो काही येईना. भंगार पोलादावर दहा वेळा करून पाहिला, दहाही वेळा तो मुद्दाम काढलेला दिसला. हात चुकू नये म्हणून जन्म घालवला आणि आता एकदाच चूक म्हटलं तर पठ्ठ्या ऐकेना.

रविवारी सकाळी मुलगी घरी होती. ती बोईसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे, सुट्टी तेवढीच. तिला बोलावलं आणि सगळं सांगितलं, धपाट्यासकट. तिने वाटी बराच वेळ भिंगाखाली पाहिली. धपाटा तिला आठवत होता. तो कशासाठी पडला हे मात्र आजवर माहीत नव्हतं, असं ती म्हणाली. मग स्वतःच पाट आणून माझ्या उजवीकडे बसली.

मी छिन्नी पाचव्या पानावर टेकवली आणि सांगितलं, तुला वाटेल तेव्हा ढकल.

"धपाटा आदी घालणार का नंतर, ते सांगा बाबा."

मला समोरचं पान नीट दिसेना. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोपराला धक्का बसला. डायमध्ये मेण दाबून पाहिलं तर कण जागेवर उठला होता, आधीच्यापेक्षा जरा मोठा.