घरटी एक सुपारी

आमच्या घरात चुली दोन आहेत, एक थोरल्या भावाची आणि एक माझी. गावकीच्या लेखी मात्र घर एकच, आणि त्या घराची सुपारीही एकच. कर्जत तालुक्यात कडावच्या पुढे आमचं गाव. लग्नाची भांडी कुणी कधी न्यायची, जत्रेची वर्गणी किती, हे सगळं गावकी ठरवते, आणि निवडणूक आली की मतही तीच ठरवते. देवळात बैठक बसते, कुणाला द्यायचं ते पंच सांगतात आणि प्रत्येक घराचा कर्ता देवापुढच्या ताटात एक सुपारी ठेवून आपल्या घरातल्या मतांचा आकडा बोलतो. सुपारी ठेवली की त्या घरातली सगळी मतं गेली. मग पंच उमेदवाराच्या माणसाला अख्ख्या गावाचा आकडा देतात.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो. दिवसभर आकडे तपासून घरी आल्यावर गावकीचे आकडे तपासावेत असं मला कधी वाटलं नव्हतं. गेल्या लोकसभेला माझी मुलगी पहिल्यांदा मतदार झाली आणि सगळ्याचीच तपासणी सुरू झाली.

तिचं ओळखपत्र आलं त्या दिवशी तिने विचारलं, "बाबा, कुठला पक्ष चांगला?" मी कुणाचंच नाव घेतलं नाही. म्हटलं, प्रत्येक आश्वासनाला तीन प्रश्न विचार. हे काम दिल्लीचं आहे का? मागच्या वेळी जे कबूल केलं ते झालं का? आणि याला पैसा कुठून येणार? बोललो तेव्हा आपण बापाला शोभेल असं काहीतरी बोललो, असं वाटलं. पुढचा सगळा महिना मी ते निस्तरत होतो.

ती जेवायला बसली तरी मोबाइलवर जाहीरनामे उघडे. "बाबा, हे म्हणतात नोकऱ्या देणार. किती आणि कुठे, ते लिहिलंच नाही. हे दुसरे फुकट द्यायच्या गोष्टींनी दोन पानं भरतात आणि पैशाबद्दल अवाक्षर नाही. या तिसऱ्यांचा प्रचार निम्मा उरकला, जाहीरनामा अजून यायचाय."

"आधी भात संपव, मग सरकार बनव," माझी बायको म्हणायची.

त्यात आमच्याकडे एकाच नावाचे दोन पक्ष, तेही एक जोडी नव्हे, दोन जोड्या. कालपर्यंत एकमेकांच्या गळ्यात गळे घालणारे आज समोरासमोर, आणि कालचे वैरी एका जीपवर. मुलीचा दुसरा प्रश्न तिथेच अडकला. "मागचं आश्वासन आता कुणाच्या नावावर धरायचं? फुटून गेले त्यांच्या, की राहिले त्यांच्या?" कारखान्यात असा घोळ झाला असता तर मी दोघांनाही नोटीस काढायला लावली असती. इथे मी तिला पुढचा जाहीरनामा वाचायला सांगितलं. आमचा मतदारसंघ अर्धा घाटाखाली आणि अर्धा घाटावर. मतांचा मोठा ढीग वरच्या शहरात, त्यामुळे पत्रकांत मेट्रो आणि उड्डाणपूल. आमच्यासाठी शेवटच्या पानावर दोन ओळी आणि भातशेतीचा एक फोटो. तोही आमच्याकडचा वाटत नव्हता, माणसाने डोक्यावर भलतीच टोपी घातली होती.

"बाबा, तुमच्या परीक्षेत कुणीच पास होत नाही," ती एकदा वैतागून म्हणाली.

"मग कमी नापास कोण ते बघ," मी तिच्याहून जास्त वैतागून म्हणालो.

एका रविवारी दुपारी भाऊ देवळातून परतला आणि ओसरीवर बसता बसता म्हणाला, "ठेवली सुपारी. पाच मतं सांगितली."

मुलगी आत होती. तशीच बाहेर आली. "काका, पाच कुणाची?"

"आपल्या घरातली. मी, तुझी काकी, तुझा बाप, तुझी आई आनि तू. तुझं पयलं मत हाय ना गं पोरी, देवापुढं गेलं, चांगलं झालं."

"मी अजून ठरवलंच नाही!"

"तुला काय ठरवायचं? गावकीनं ठरवलं. देवळापुढं पेव्हर ब्लॉक बसवून देनार हायत."

"पेव्हर ब्लॉक दिल्लीचं काम आहे का?"

भाऊ माझ्याकडे वळला. "हिला काय शिकवून ठेवलंस रं?"

तिचं बरोबर होतं आणि भाऊही खोटं काही करत नव्हता. त्याच्या आयुष्यात मत ही घराची वस्तू होती, जशी सामाईक विहीर. मी म्हटलं, "दादा, निदान विचारायचं तरी होतंस." तो म्हणाला, "आजपातूर तुला कधी विचारलं? तू कधी काय बोललास?" हेही बरोबर होतं. मुलगी रात्री जेवली नाही. मला म्हणाली, "काकांनी देवापुढे शब्द दिला. आता मी दुसरीकडे मत दिलं तर काका खोटे पडणार. आणि नाही दिलं तर मी कशाला एवढं वाचत बसले?"

पेच तिचा होता, पण सोडवायचा मला होता, आणि मला तो सुटत नव्हता.

आठवडा झाला नाही तोच वेगळीच भानगड झाली. उमेदवारासाठी ज्या पुढाऱ्याने गावाचा शब्द घेतला होता, तो कर्जतकडच्या एका हळदीत समोरच्या पक्षाचा गमछा घालून दिसला. हळदीला गेलेल्या चार जणांनी पाहिला आणि एकाने त्याचा फोटोच आणला. गावकीची पुन्हा बैठक बसली. भाऊ निघाला तसा मीही निघालो, आणि मागून मुलगी. बायका बैठकीत बसत नाहीत म्हणून ती पायरीवर उभी राहिली.

देवळात नुसता कालवा. एक म्हणत होता, शब्द माणसाला दिलाय, तो जाईल तिकडं आपन. दुसरा म्हणत होता, शब्द चिन्हाला दिलाय, तो गेला तर जाऊ दे.

"आनि पेव्हर ब्लॉक कोन देनार? मानूस का चिन्ह?"

"आरं, पन देवापुढं नाव कुनाचं घेतलं होतं?"

यावर सगळे गुरवाकडे बघू लागले. गुरव म्हणाला, "तुमी सगळे 'आपला मानूस' बोललात. मी पन तेच बोललो देवाला."

पायरीवरून मुलीचा आवाज आला. "म्हणजे देवालाही माहीत नाही!"

दोघेतिघे हसले. थोरल्या पंचांना ते आवडलं नाही. त्यांनी सगळ्या सुपाऱ्या परत केल्या आणि नव्या ठेवायला सांगितलं, या वेळी चिन्हाचं नाव घेऊन. आमची पाळी आली. भावाने सुपारी हातात घेतली आणि मी त्याला हळूच म्हटलं, "दादा, चार सांग."

"काय?"

"पोरीचं सोडून. चार."

ते हळू राहिलंच नाही. पंच म्हणाले, "पाचाची चार कशी? एक मत काय आटलं?"

"ती तिचं तिचं देणार," मी म्हणालो.

"घरातली पोर सांभाळता येत नाय, कारखान्याचे हिशेब कसे सांभाळता वो?"

माझं डोकं फिरलं होतं. एका मतासाठी मी मे महिन्याच्या उकाड्यात देवळात उभा राहून पंचांची बोलणी खात होतो, आणि ते मत कुणाला जाणार हे मला ठाऊक नव्हतं, मुलीलाही नव्हतं. भावाने पायरीवर उभ्या पोरीकडे एकदा बघितलं. मग ताटात सुपारी ठेवून, कुणाकडे न बघता, "चार," एवढंच बोलला.

पंचांनी सांगून ठेवलं, "आकडा फुटला तर तुमच्या घरावर येईल. ध्यानात ठेवा."

मतदानाला आम्ही सगळे शाळेत गेलो. आमच्या गावापुरतं तिथे एक केंद्र असतं. रांगेतही तिचं चाललंच होतं. "बाबा, दुसऱ्या प्रश्नाचे मार्क जास्त धरायचे की तिसऱ्याचे?" मी म्हटलं, "आता मला विचारू नकोस." आत तिने इतका वेळ लावला की मागचे ओरडायला लागले. बाहेर आली ती बोटावरची शाई बघत.

घरी येईपर्यंत मी धीर धरला. मग राहवेना. "कुणाला दिलंस?"

"तुम्ही कुणाला दिलंत?"

"ते सांगायचं नसतं."

"मग झालं तर."

जूनमध्ये निकाल लागला. कोण निवडून आलं याच्याशी गावकीला फारसं देणंघेणं नव्हतं. केंद्राकेंद्राचे आकडे हाती आले आणि पंचांनी पुन्हा सगळ्यांना देवळात बोलावलं. गावाने कबूल केलेल्या आकड्याच्या निम्मीही मतं त्या चिन्हाला पडली नव्हती. उरलेली सगळ्या उमेदवारांमध्ये विखुरली होती, काही तर 'यापैकी कोणीही नाही'लाही.

"कुणी फोडली?" पंचांनी विचारलं, आणि झाडून सगळे आमच्याकडे बघू लागले.

इतके दिवस साठलेला वैताग माझ्या तोंडून बाहेर पडला. "आमच्या घरातून बाहेर गेलं ते एक. देवापुढे सांगून गेलं. निम्म्याहून जास्त फुटलीत. एका पोरीने एवढी मतं टाकली असतील तर तिलाच निवडणुकीला उभी करा. नाहीतर बाकीची कुणाच्या घरची, ते बघा."

ज्याच्या घरातून आठ मतं सांगितली होती, तो बोटं मोजू लागला आणि मध्येच थांबला. हळूहळू एकेक जण कसलं तरी काम काढून उठला. थोरले पंच शेवटपर्यंत बसून होते, पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

घरी येताना भाऊ माझ्यापुढे झपाझप चालत होता. ओसरीवर बसला. वहिनी चहा टाकत होती, मुलगी तिच्याजवळ बसून आलं किसत होती. भाऊ वहिनीच्या पाठीकडे बघत राहिला.

"काय गं," त्याने शेवटी विचारलं, "तू कुनाला दिलं होतंस?"

वहिनीने मागे न बघता डबा खाली घेतला.

"साखर नेहमीएवढीच टाकू ना?" ती म्हणाली.

मुलीने मान खाली घातली आणि आलं जरा जोरातच किसायला लागली.