कान्होबाल येत नाही, असा शेरा

आमच्या नेब्रास्कातल्या गावात निम्मी माणसं कत्तलखान्यावर जगतात. कांदेलारिया पेद्रोनं आणि मी तिथं नऊ वर्षं एकाच पट्ट्यावर समोरासमोर उभ्या राहून मांस कापलं. आम्ही दोघी ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या, बोली कान्होबाल. स्पॅनिश आम्हाला बाजारापुरती येते, कित्येकींना तेवढीही येत नाही. पण इथल्या कचेऱ्यांना ग्वाटेमाला म्हटलं की स्पॅनिश. विषय संपला.

कांदेलारियाच्या मुलीला, लुसियाला, गावातल्या शाळेनं सहा वर्षं मंदबुद्धी मुलांच्या वर्गात बसवलं होतं. पोरगी धडधाकट हुशार. फक्त इंग्रजी येत नव्हतं आणि स्पॅनिशही. कांदेलारियानं स्वतः सही केली होती, कशावर ते न कळता. लुसिया आता कत्तलखान्यात खोकी भरते. त्या सहीबद्दल कांदेलारिया कधी रडली नाही. ती इंग्रजी शिकली. शिफ्ट संपवून, हातमोजे काढून, सुजलेल्या बोटांनी पेन्सिल धरून पाच वर्षं शिकली. मनगट कायमचं गेलं तेव्हा शाळेनं तिला दुभाषी म्हणून घेतलं. गळ्यात ओळखपत्र आणि एक नियम: समोरचा बोलेल तेवढंच दुसऱ्या भाषेत सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

दोन वर्षं तिनं नियम पाळला. मग आमच्याच डोंगरातल्या हुआनाच्या मुलीचं, मालीनचं प्रकरण आलं.

मालीन आठ वर्षांची. आल्यापासून वर्गात तोंड उघडत नव्हती. शाळेनं तिची चाचणी घेतली आणि मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात टाकलं. कांदेलारियाला कुणी बोलावलंच नाही, कारण अर्जावर घरची भाषा स्पॅनिश लिहिली होती. दीड वर्षानं हुआना एक कागद घेऊन तिच्या दारात आली. "कांदेलारियाबाई, एवढं वाचून दाखवता का? मुलगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणते."

कांदेलारियानं वाचलं: मालीन मंदबुद्धी, आणि खाली हुआनाची सही. मी तिथंच होते. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि चुलीवरचं पातेलं इतक्या जोरात उतरवलं की घेवडा भिंतीवर उडाला.

बैठक लागली. मुख्याध्यापक कुबिक, चाचणी घेणारी लिंडेलबाई, इंग्रजी शिकवणारी हार्टविग, हुआना आणि मधे कांदेलारिया. पुढचं सगळं हुआनानं मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं होते असं वाटतं.

लिंडेलबाई म्हणाली, "मुलीला साध्या वस्तूंची नावं येत नाहीत. तिची समज चार वर्षांच्या मुलाएवढी आहे."

कांदेलारिया ते हुआनाला सांगेना. तिनं विचारलं, "कुठल्या भाषेत विचारलंत?"

"दुभाषीनं प्रश्न विचारायचे नसतात," कुबिक म्हणाले.

"मग मी दुभाषी नाही." तिनं ओळखपत्र काढून टेबलावर टाकलं, खुर्ची ओढत हुआनाच्या शेजारी नेली आणि कान्होबालमध्ये विचारलं, "सही का केलीस?"

"फोनवरचा माणूस स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. मी 'सी', म्हणजे हो म्हटलं. मला तेवढंच येतं."

"आणि मालीन का बोलली नाही?"

"तिला काही कळलंच नाही. मोठ्यांपुढं गप्प बसायचं, हे मीच शिकवलंय तिला."

कांदेलारियानं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मग स्वतःचं जोडलं, "दीड वर्ष तुम्ही एका शहाण्या पोरीला वेडी म्हणताय, कारण तिला तुमची चुकीची भाषा येत नाही!"

तेव्हा हार्टविग हळूच म्हणाली, "मी तीनदा लिहून दिलं होतं. ही मुलगी स्पॅनिश बोलत नाही."

कांदेलारिया तिच्यावरही उलटली. "तीनदा लिहिलंस. एकदा ओरडायचं होतंस!"

हार्टविग रडायला लागली. सहा भाषांची त्रेचाळीस मुलं एकटीच्या गळ्यात, दोन वर्षं मदत मागतेय, कुणी ऐकत नाही. कांदेलारियानं तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, "बाई, शनिवारी चर्चच्या तळघरात ये. वही आण."

शाळेला फेरचाचणी घ्यावी लागली. कांदेलारियाला बसू दिलं नाही, ती 'एका बाजूची' ठरली होती. कॅलिफोर्नियातला एक कान्होबाल माणूस पडद्यावर आला. त्यानं भोपळ्याचं चित्र दाखवून आपल्याकडचा शब्द सांगितला आणि विचारलं, "याला हेच म्हणतात ना?" आणि मालीन, जी दीड वर्ष शाळेत बोलली नव्हती, म्हणाली, "तुमच्या खोऱ्यात म्हणत असतील. आमच्यात असं म्हणत नाहीत." पुढं ती पाऊण तास थांबलीच नाही.

शाळेचं पत्र आलं. एक ओळ: नोंद दुरुस्त करण्यात आली आहे.

हुआनानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "माफी कुठाय यात?"

"छापायला विसरले असतील," कांदेलारिया म्हणाली.

शनिवारी तळघरात हार्टविग आली. पुढच्या वेळी आणखी चार शिक्षिका घेऊन आली. त्यांना कांदेलारिया कान्होबालचे शब्द शिकवी: बस, पाणी, दुखतंय का, घाबरू नको. आयांना ती शाळेचे अर्ज वाचून दाखवी आणि एकच गोष्ट घोकून घेई, "माझ्या भाषेत सांगा, मग सही करते." चुकलं की ओरडायची. आम्ही हसायचो, पण घोकायचो.

मार्चमध्ये शाळेचे कागद आले तेव्हा तेवीस आयांनी सहीविना परत पाठवले. कुबिकनी तिला बोलावलं. "तुम्ही यांना भडकवलंत."

"हो," ती म्हणाली.

मे महिन्यात तिला कामावरून कमी केलं. कारण लिहिलं होतं, गरज उरली नाही. मालीन आता चौथीत आहे. भागाकारात मागे आहे, कारण त्या वर्गात दीड वर्ष मणी ओवायला दिले होते. ते दीड वर्ष कुणी परत करणार नाही. माझं डोकं अजून तापतं.

गेल्या सोमवारी डोंगरातून एक नवी बाई आली, दोन मुली घेऊन. कांदेलारिया तिला घेऊन शाळेच्या कचेरीत गेली. खिडकीतली मुलगी म्हणाली, "तुम्ही आता इथं काम करत नाही."

"माहीत आहे. हिला कान्होबाल बोलणारा माणूस हवाय."

"आज कुणी नाही."

"आम्हाला वेळ आहे," कांदेलारिया म्हणाली आणि बाकावर बसली. नवी बाईही बसली. सकाळी आठला बसलेल्या त्या दोघी साडेअकराला उठल्या, फोनवर कान्होबाल बोलणारा माणूस मिळाल्यावर.