मालनबाईंचा रुंद चेहरा

हिम्मतरावांची सगळी नोकरी हैदराबादला, काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मापं घेण्यात गेली. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. बरकतपुऱ्याच्या घरात कॅलेंडर टांगायचं म्हटलं तरी आधी टेप निघायचा. बायको मालनबाई अंगानं हडकुळ्या, गाल बसलेले, हनुवटी टोकदार. हिम्मतराव त्यांना काडी म्हणत आणि त्या हसून घेत.

दोन हजार पाच साली त्या गेल्या. तेराव्याला हार घालायला फोटो शोधू लागले, तेव्हा घरात त्यांचा एकटीचा एकही फोटो नाही हे उघड झालं. कॅमेरा दिसला की त्या स्वयंपाकघर गाठायच्या, आणि हिम्मतरावांनी कधी हात धरून थांबवलं नव्हतं. आता ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

शेवटी एक सापडला. भालकी गावच्या एका लग्नात मुलानं, प्रशांतनं, नव्या डिजिटल कॅमेऱ्यात काढलेला. मधे मालनबाई, एका बाजूला हिम्मतराव, दुसऱ्या बाजूला मालनबाईंची धाकटी बहीण सुशीलाबाई. कॅमेऱ्यातला कधीच पुसला होता, पेन ड्राइव्हवर तेवढी एकच प्रत उरली होती.

ती घेऊन हिम्मतराव स्टेशनजवळच्या फोटोच्या दुकानात गेले. जिवंत माणसाच्या खांद्यावर हार चढवत नाहीत, म्हणून तिथल्या विजयनं दोन्हीकडचे खांदे छाटले. उरली एक उभी, अरुंद पट्टी. फ्रेम मात्र हिम्मतरावांनी आधीच आणली होती, भिंतीवरच्या आईच्या फोटोच्या मापाची, आठ बाय दहा.

"अंकल, फोटो पतला, फ्रेम चौडी," विजय म्हणाला. "बाजूला सफेद पट्टी राहते."

"पट्टी नको. आईच्या फोटोला आहे का? फ्रेम भरून पाहिजे."

"मग खेचावं लागते."

"खेचा की."

दुकानात गर्दी होती. विजयनं फोटो आडवा ताणला आणि त्याच फाइलवर सेव्ह करून टाकला. मूळ फोटो तिथंच संपला, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तेराव्याला हाराआडून मालनबाई गुबगुबीत गालांनी बघत होत्या. "ताई कशी भरल्यागत दिसायली," सुशीलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. सगळ्यांना बरं वाटलं. दोन वर्षं आजारी असलेल्या बाईला घरानं नीट सांभाळलं, असंच त्या फोटोवरून कुणालाही वाटलं असतं. एकट्या हिम्मतरावांना भिंतीवर भलतीच बाई दिसत होती, आणि चूक आपली होती हेही कळत होतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं.

"बाबा, राहू द्या ना," प्रशांत म्हणाला. "सगळ्यांना आवडला."

सुतकाच्या घरात मापावरून कुठं वाद घालायचा, म्हणून त्यांनी विषय सोडला.

सहा महिन्यांनी एका सकाळी चहा पिताना त्यांना बायकोची आठवण आली, आणि डोळ्यांपुढं आला तो रुंद चेहरा. त्यांनी डोळे मिटून पाहिलं. तरी तोच. हिम्मतराव मनातून घाबरले. पेन ड्राइव्ह खिशात घालून तसेच दुकानात गेले आणि जुना चेहरा परत पाहिजे म्हणाले.

विजयनं फाइल उघडून पाहिली. "पहिला फोटो नाही यात, अंकल. माझीच गलती झाली. पण दाबून पतला करता येते. किती खेचला होता ते याद नाही मला. तुम्ही तर रोज बघत होते अम्माला. बराबर आलं की बस बोला."

चेहरा हळूहळू अरुंद होऊ लागला. गाल ओसरले, हनुवटी टोकदार होत गेली. हिम्मतराव खुर्चीच्या कडेला सरकून बसले. ही मालन वाटते, असं एकदा वाटलं. थोडं पुढं गेल्यावरही तसंच वाटलं, आणि त्याच्याही पुढं.

"बस?" विजयनं विचारलं. "का अजून?"

चाळीस वर्षं रोज ज्या चेहऱ्यासमोर बसून जेवले, तो कुठं थांबायचा हे त्यांना सांगता येईना. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यांनी अंदाजानंच "बस" म्हटलं.