काकीचे केस आणि माझी वही

पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ माझं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, एक बेसिन. बारावीचा निकाल लागला की मुलींच्या आया येतात, मुलीला मागे उभी करतात आणि विचारतात, "तो पार्लरचा कोर्स कसा असतो गो? पोरीला झेपंल ना?"

मी हातातलं काम चालू ठेवून सगळं सांगते. आमचा क्लास महाडच्या बाजारात, कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता. मी तेव्हा बिरवाडीला, कंपनीत कामाला असलेल्या दादाच्या भाड्याच्या खोलीत राहायचे. पहिले पंधरा दिवस तुम्हाला कुणाच्याही तोंडाला हात लावू देत नाहीत. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं आणि स्वतःच्या नडगीवरचे केस उपटत बसायचं. ओठ चिरतात, जेवताना तिखट झोंबतं. मग एकमेकींवर सराव. आमच्या बॅचमध्ये तीन महिने एकीच्याही भुवया धड नव्हत्या. सगळ्याजणी कायम दचकल्यासारख्या दिसायचो. उभं राहून पोटऱ्या भरून येतात. ब्लीचच्या वासानं डब्यातली भाकरी घशाखाली उतरत नाही. घरचे वेगळेच. "लोकांच्या भुवया भादरायला फी भरायची?" असं माझे वडील पहिल्या दिवशी म्हणाले होते आणि शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत राहिले.

आया हसतात. मुली हसत नाहीत, त्या आरशात बघत असतात.

मॉडेलच्या वहीबद्दलही मी सांगते, पण अर्धंच. प्रत्येक काम शेवटी जिवंत माणसावर करून दाखवावं लागतं. अशा माणसाला क्लासमध्ये मॉडेल म्हणतात. शब्द मोठा आहे, पण मॉडेल म्हणजे कुणाची आत्या, कुणाची शेजारीण, नाहीतर बिरवाडीत कंपनीवाल्यांच्या खोल्यांत दुपारी मोकळी असलेली एखादी बाई. फुकट होतंय म्हणून येतात बिचाऱ्या, आणि आमच्या हातात मान देऊन बसतात. प्रत्येकीसाठी वहीचं एक पान असायचं. काय काम केलं, पूर्वी कधी कशाचा त्रास झाला होता का, रंग असेल तर आदल्या दिवशी कानामागे थेंबभर लावून पाहिला का. खाली मॉडेलची सही.

माझ्या वहीतलं एक पान खोटं आहे. ते मी कुठल्याच आईला सांगत नाही.

केस रंगवण्याचं ते एकच पान माझं कोरं राहिलं होतं. बाकी मुलींची तीन-चार पानं शिल्लक होती. सगळ्यात आधी माझी वही पूर्ण व्हावी आणि मॅडमनी ती वर धरून सगळ्यांना दाखवावी, एवढीच माझी हौस होती. आज लिहिताना वाटतं, किती फडतूस गोष्टीसाठी! पण तेव्हा मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

म्हणून मी काकीला गाठलं. माझ्या चुलत्याची बायको. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात, तिथून उतरायलाच तास लागतो. पुढच्या रविवारी तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, मुंबईत साखरपुडा होता. मुलगी मुंबईचीच, शिकलेली. काकीला धास्ती होती, की पांढऱ्या डोक्यानं तिकडे गेलो तर सोयरे काय म्हणतील. मी म्हटलं, "ये क्लासला, असे काळेभोर करून देते की व्याहीच तुला नवरी समजतील." काकी पदर तोंडाला लावून हसली.

बुधवारी ती आली. म्हशीचं दूध काढून, डोंगर उतरून, एसटीनं महाड. खुर्चीत अवघडून बसली, पाय वर घ्यावेत की खाली सोडावेत हे तिला कळेना. मी वही उघडली आणि मॅडम करतात तसा आवाज करून विचारलं, "पूर्वी कधी रंगाचा त्रास झालाय?"

"शिमग्याला काळी मेंदी लावली व्हती गो. कानामागं लय खाज सुटली. दोन दिस झोप नाय."

मी लिहिलं, 'नाही.'

खरंच लिहिलं. तिच्यासमोर, तिचं ऐकत. ती वाचू शकत होती; सावकाश वाचायची, पण यायचं तिला. तिनं वहीकडे पाहिलं नाही. मी लिहितेय म्हणजे बरोबरच लिहीत असणार, असं तिला वाटलं असेल.

मग तीच म्हणाली, "ते आदी थोडं लावून बघतात ना? तू सांगितलं व्हतंस. मी ऱ्हाते आज तुमच्याकडं, उद्या लाव. म्हशीचं बघतील ते."

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची दुसऱ्या मुलीला दिलेली होती. माझी पाळी थेट पुढच्या आठवड्यात आली असती, आणि माझी वही तेवढे दिवस अपुरी राहिली असती. "काय नाय होत गो काकी, हा चांगल्या कंपनीचा रंग आहे," मी म्हटलं, आणि कानामागच्या चाचणीपुढे बरोबरची खूण केली. तिनं खाली वाकडीतिकडी सही केली. मॅडम दुसऱ्या टोकाला एका मुलीला साडी नेसवायला शिकवत होत्या. तासाभरानं काकीचे केस काळेभोर झाले होते. आरशात बघून ती लाजली. संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

शुक्रवारी सकाळी ती क्लासच्या दारात उभी होती. पदर इतका पुढे ओढलेला की मी आधी ओळखलंच नाही. तिनं पदर सारला. डोळ्यांच्या नुसत्या चिरा राहिल्या होत्या. कपाळ फुगून पुढे आलेलं, कानांमागून पाणी झिरपत होतं. ती मला ओरडायला आली नव्हती. "ह्याला काय लावू गो?" हे विचारायला ती धडपडत डोंगर उतरून आली होती.

मॅडमनी तिला बसवलं, वही मागवली, पान काढलं. "चाचणी केली होतीस?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? कोर्समधून काढलं असतं, वडील म्हणाले असते बरं झालं. एवढंच. पण तेवढंही सोसायची माझी तयारी नव्हती. मी वहीकडे बघत राहिले.

"केली व्हती की बाई," काकी म्हणाली. सुजलेल्या ओठांनी तिला नीट बोलताही येत नव्हतं. "आदल्या दिशी कानामागं लावलं व्हतं, मी ऱ्हायले व्हते हितंच. पोरीची काय चूक नाय. माझंच अंग वायट."

मॅडमनी वही मिटली. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सूज उतरायला आठवडा जाईल म्हणाले, आणि आयुष्यात पुन्हा असला रंग डोक्याला लावू नका म्हणून दटावलं.

परत जाताना एसटीत ती मला एवढंच म्हणाली, "घरात बोलू नको. मी बघते." आणि वाडीत सगळ्यांना सांगितलं, की सरपणाला गेले होते, गांधीलमाश्या डसल्या. वर हेही सांगितलं, की पोरगी भेटली म्हणून दवाखाना झाला. माझी पाठ थोपटली गेली. वडील पहिल्यांदा म्हणाले, "शिकलेल्या पोरीचा असा उपयोग होतो." मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. लोकांना तो विनय वाटला.

रविवारी मुंबईला सगळे गेले, काकी गेली नाही. असल्या तोंडानं शुभकार्यात कशाला, म्हणाली. आमच्यात साखरपुड्याला नवरीची ओटी सासू भरते. ती माझ्या आईनं भरली. मी मागे ताट धरून उभी होते. नवरी सारखी दाराकडे बघत होती.

पुढच्या महिन्यात मला सर्टिफिकेट मिळालं. वही सगळ्यात आधी माझीच पूर्ण झाली होती. मॅडमनी ती वर धरून दाखवली नाही.

त्याला सात वर्षं झाली. गेल्या वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी चुलतभावाची बायको, माझी वहिनी, पार्लरमध्ये आली. मी तिच्या चेहऱ्याला पॅक लावला होता, डोळ्यांवर कापसाच्या ओल्या घड्या ठेवल्या होत्या. डोळे झाकले की बायका बोलतात.

"तुम्हाला म्हणून सांगते," ती म्हणाली, "सासूबाई माझ्या साखरपुड्याला आल्या नाहीत. माश्या चावल्या म्हणे! माझी आई आजही म्हणते, त्यांना तू पसंत नव्हतीस. मग मीही लांबच राहते त्यांच्यापासून. सणाला यायचं, नमस्कार करायचा, निघायचं. त्यांच्या नातवालाही मी इथे राहू देत नाही."

काकी नातवासाठी दर मे महिन्यात फणसाची साटं, म्हणजे रस वाळवून केलेल्या पोळ्या, करून ठेवते आणि ती मुंबईला पाठवावी लागतात, हे मला ठाऊक होतं. कारण मात्र मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं म्हणजे टाळलं होतं.

मी तिथेच, तिचे डोळे झाकलेले असतानाच, सगळं सांगितलं. उघड्या डोळ्यांसमोर सांगायची माझी छाती झाली नसती. तिनं घड्या काढल्या. आरशातून माझ्याकडे बघितलं.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "पुसा माझं तोंड."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आली. सहा वर्षांत तिनं माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. केस पांढरेफटक. मला वाटलं, आता तरी शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

"कशाला सांगितलंस गो? तू मोकळी झालीस. ती रात्रीपास्नं रडतेय, माझ्या पाया पडतेय आनि मोठमोठ्यानं तुझा उद्धार करतेय. आख्ख्या वाडीनं ऐकलं. आता तुझ्याकडं कोन येनार हाय?"

बाहेर गौरीच्या खरेदीला आलेल्या बायकांची वर्दळ होती. आमच्या वाडीतल्याही होत्या. एरवी आत डोकावणाऱ्या, आज पलीकडच्या बाजूनं चालत होत्या. काकीनं त्यांच्याकडे पाहिलं, अंबाड्याचा आकडा काढला आणि बेसिनच्या खुर्चीत जाऊन बसली.

"डोकं धू माझं. आनि दार सताड उघडं टाक. बघू देत."

मी तिची मान बेसिनवर टेकवली, नळ सोडला, पाण्याची धार कपाळावर धरली आणि विचारलं, "काकी, पाणी बरोबर आहे ना?"

"जरा गरम हाय," ती म्हणाली.

या वेळी मी थांबले, धार बाजूला घेतली.