बाप्पूचा दगड आणि माझ्या हातातलं ताट

बायांनो, आज सकाळपासून नुसती अडकून पडली आहे मी.

दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यात वीर बाप्पूचं ठाणं आहे. बैलांवर धान्य वाहायच्या काळात लुटारूंशी लढून मेलेला हा आमचा पूर्वज. ठाण्यातल्या दगडात तो वसतो, अन् तांड्यासाठी ही जागा त्यानंच निवडली म्हणतात. पाणी मात्र कोसभर लांब!

आज पूजेच्या वेळी सासूला विचारलं, "याडी, या कोरड्या माळावर बाप्पूनं काय पाह्यलं?"

ती हळूच म्हणाली, "त्यानं काय पाह्यलं, कपाळ! साठेक वर्सं झाली. तांडा नवी जागा शोधून राह्यलता. मी नवी नवरी, म्हून त्याचा दगड माह्या डोक्यावर. मान अवघडली, घडीभर खाली टेकवला. एकदा टेकला का उचलत नाहीत. सगळे म्हणाले, बाप्पू जड झाला, त्याले इथंच राहाचं हाये. सोडले बैल."

"मंग खरं सांगितलं काहून नाही?"

"डोक्यावर हंडे घेऊन येणाऱ्या बायायले काय सांगू?"

एवढं बोलून तिनं पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "आता रोजचा दिवा तुह्याकडं."

पुढच्या महिन्यात मी लेकीकडं पुण्याला कायमची जाणार होती.

घरी येऊन तास झाला. एका हातानं हे लिहून राह्यली. सांगा, हे ताट कुठं टेकवू?