भाचीचा हेडफोन दारातच काढून घेतला

मित्रांनो, आज खामगावात भाचीची संगणक परीक्षा होती. नोकरी दिव्यांगांसाठीच राखीव. तिला दिसत नाही. संगणक हेडफोनमधून पडद्यावरचं वाचून दाखवतो आणि ती झरझर टाइप करते.

पर्यवेक्षकांनी दारातच हेडफोन काढून घेतला.

मी म्हणालो, "साहेब, पोरगी कानानंच वाचते."

"कॉपी झाली तं मलेच विचारतीन, काका. नियम सगळ्याइले सारखा."

वेळ संपेपर्यंत ती कळफलकावर बोटं ठेवून बसून राहिली. एकही प्रश्न तिच्यापर्यंत पोचला नाही.

एसटीत म्हणाली, "मामाजी, आईले सांगजा, पेपर कठीण होता."

आत्ता देवापुढे दिवा लावला, पण मागावं काय ते सुचेना. बहिणीचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?